निखाऱ्यावरचे जेवण : चौतीस पाहुण्यांच्या बेताच्या नोंदी

शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

वन्सं काल बँकेतून सेवानिवृत्त झाल्या. सहकाऱ्यांनी दिलेले हारतुरे आणि हॉलमधले बुफे त्यांनी आनंदाने स्वीकारले. घरच्या जेवणाबद्दल मात्र त्यांची अट स्पष्ट आहे, की आचारी बोलवायचा नाही, कळंब्याच्या घराच्या अंगणात शेगडी पेटवायची आणि सर्वांनी निखाऱ्यावरचे गरम गरम खायचे. कारखान्यात माझे काम उत्पादन नियोजनाचे असल्यामुळे हा बार्बेक्यू घरच्यांनी एकमताने माझ्यावर सोपवला, म्हणून कारखान्यातल्याप्रमाणे येथेही तारीखवार नोंदी ठेवत आहे.

पाहुण्यांची यादी ३४ जणांची झाली. चिकन टिक्का, मटणाचे तुकडे, पनीर आणि मक्याची कणसे असा बेतही पाच मिनिटांत कागदावर उतरला. तो मामंजींना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून एवढेच विचारले, "भाजलेलं सगळं खरं, पण भाकरी कशात कुस्करायची?" यजमानांचे मित्र ज्या कोल्हापूर शहरात रस्सा मंडळ स्थापन करून आठवड्याच्या आठवड्याला चुलीवर पातेले चढवतात, तेथे रश्श्याविना मटण म्हणजे जेवणाआधीचे तोंडी लावणे ठरेल, हे मला आधीच सुचायला हवे होते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

रविवार १६ फेब्रुवारी ही तारीख जवळजवळ सर्वांना कळवून झाली होती. दिनदर्शिका मी आज उघडली. त्या दिवशी संकष्टी चतुर्थी आहे, आणि चंद्रोदयापर्यंत उपवास करणारे यादीत सात जण आहेत. सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळणारे धरले, तर मांसाहारासाठी सर्वांना सोयीचा वार रविवारच उरतो. २३ तारीख मोकळी आहे. २४ ला एकादशी, २६ ला महाशिवरात्र आणि २ मार्चच्या सुमारास रमजान सुरू होण्याची शक्यता असल्यामुळे त्यापुढे ढकलण्यास वाव नाही. २३ फेब्रुवारी पक्की केली आणि सर्वांना पुन्हा फोन करण्याचे ठरवले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

"व्हेज की नॉनव्हेज?" या प्रश्नाला मिळणारे उत्तर नियोजनास फारसे उपयोगी पडत नाही, असा दोन दिवसांच्या फोनांचा निष्कर्ष आहे. त्याऐवजी मी दोन प्रश्न विचारू लागले : काय चालत नाही, आणि ते कशाला लागलेले चालत नाही. दुसऱ्या प्रश्नावर माणसे थोडी थांबत आणि मग खरे सांगत. सासूबाई माळकरी आहेत. मांसाहार त्यांच्या घरात शिजतो याचा त्यांनी कधी बाऊ केला नाही, पण ज्या जाळीवर चिकन भाजले त्या जाळीवरचे कणीसही आपल्याला चालणार नाही, हे त्यांनी आज प्रथमच बोलून दाखवले. तीस वर्षे घरात वेगळी पातेली असल्यामुळे तो प्रश्न कधी आलाच नव्हता.

एकूण चित्र असे आहे. सर्व काही खाणारे २० जण, त्यांत चार मुले. शाकाहारी ९, त्यांतील वन्संची पुण्याची भाची दूध, दही, तूप आणि मधही घेत नाही. शेजारच्या जैन कुटुंबातील ५ जण. माझ्या दोन सहकाऱ्यांना हलाल मटण लागते. त्यांच्यासाठी वेगळे पातेले करण्यापेक्षा सगळेच मटण आणि चिकन त्यांनी सांगितलेल्या दुकानातून आणावे, यावर घरात कोणाची हरकत नाही. चार मुलांपैकी एका मुलीला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. त्याची नोंद स्वतंत्रपणे करावी लागेल.

शेजारच्या काकू फोनवर न बोलता स्वतःच आल्या आणि दीड तास बसल्या. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, रताळे ही यादी मला ठाऊक होती. ओले आले चालत नाही पण सुंठ चालते, ओली हळद नको पण हळदपूड चालते, शेंगदाणा जमिनीखाली येत असला तरी तो कंद नव्हे म्हणून चालतो, अळंबी, फ्लॉवर आणि वांगे त्यांच्या घरात येत नाही, मध मुळीच नाही, हे सारे मी लिहून घेतले. मी पनीरला लावायचा मसाला सांगितला, दह्यात बेसन, ओवा आणि तिखट, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले. डाळीचे पीठ आणि कच्चे दही एकत्र आले की ते द्विदल, आणि ते वर्ज्य. म्हणजे कांदा-लसूण वगळून "जैन पनीर टिक्का" केला असता, तरी त्यांनी तो नम्रपणे ताटाच्या कडेला सारला असता आणि मला कारणही कळले नसते.

वेळेची अट त्याहून महत्त्वाची निघाली. त्यांच्या सासूबाई सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधी, जेवण आटोपतात. फेब्रुवारीच्या अखेरीस कोल्हापुरात सूर्य साडेसहानंतर थोड्याच वेळात मावळतो; तेव्हा पावणेसहाला त्यांचे हात धुऊन झाले पाहिजेत. संध्याकाळी सातला शेगडी पेटवण्याचा माझा सारा आराखडा येथे मोडला.

रविवार, ९ फेब्रुवारी

मांसाहाराची पहिली चाचणी रस्सा मंडळाच्या जुन्या शेगडीवर घेतली. दोन किलो लाकडी कोळसा ५ वाजून १० मिनिटांनी पेटवला. त्यावर करडी राख धरून ज्वाळा पूर्ण बसायला अर्धा तास लागला, आणि त्यानंतर सुमारे तासभर भाजण्यायोग्य आच मिळाली. यजमानांनी विसाव्या मिनिटालाच चिकन चढवण्याचा आग्रह धरला. तो मी एका तुकड्यापुरता मान्य केला. त्या तुकड्याला रॉकेलच्या दुकानासारखा वास आला, त्यामुळे यापुढे राख धरेपर्यंत थांबण्याबाबत घरात वाद होणार नाही.

चिकनला आमची घरची कांदा-लसूण चटणी, तेल आणि मीठ लावले होते. चार मिनिटांत बाहेरून ते डांबरासारखे काळे झाले आणि आत हाडाजवळ गुलाबी राहिले. कारण उघड आहे : चटणीत लसूण, सुके खोबरे आणि तीळ असतात, रश्श्यात ते पाण्याबरोबर शिजतात, पण निखाऱ्याच्या थेट आचेवर मांस शिजण्याच्या कितीतरी आधी करपून कडू होतात. दुसऱ्या खेपेस चिकनला फक्त दही, मीठ, हळद आणि मिरचीपूड लावली, कोळसा शेगडीच्या एका बाजूला ओढून तुकडे दुसऱ्या, मंद बाजूला ठेवले, आणि शेवटची पाच मिनिटे चटणी तेलात कालवून ब्रशने लावत ते आचेवर आणले. आतले तापमान थर्मामीटरने ७४ अंश सेल्सियस भरल्यावरच उतरवले. रंग तांबूस, वास आमच्या स्वयंपाकघराचा, आणि कडवटपणा नाही.

मटणाने मात्र निराश केले. मांडीच्या बिनहाडाच्या तुकड्यांचे तीन भाग केले होते. नुसत्या दह्यात मुरवलेला भाग चावता चावता जबडा दुखला. कच्च्या पपईचा कीस लावून दोन तास ठेवलेला भाग बरा होता. पपई लावून रात्रभर ठेवलेला भाग बाहेरून पिठूळ झाला, सळईवरून घसरून निखाऱ्यांत पडला आणि शेगडीखाली बसलेल्या मांजराच्या वाट्याला गेला. पपईतील पपेन मांसाची प्रथिने तोडते आणि ते कुठे थांबायचे हे त्याला कळत नाही. वीस जणांसाठी दोन तासांचे हे गणित अचूक साधण्याची खात्री मला नाही, म्हणून मटणाचे तुकडे बेतातून काढून टाकले. त्याऐवजी खिम्याच्या सीखा कराव्यात आणि हाडाचे मटण मामंजींच्या भाकरीसाठी पातेल्यात जावे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सासूबाईंच्या अटीमुळे दुसरी शेगडी आवश्यक आहे, आणि ती नवी करून घेणे हेच योग्य, कारण जुन्या शेगडीने मांसाहाराखेरीज काही पाहिलेले नाही. दुपारी शिवाजी उद्यमनगरात गेले. पहिल्या शेडमधील कारागिराने तेलाचा जुना २०० लिटरचा ड्रम उभा कापून देण्याची तयारी दाखवली. स्वस्त पडले असते, पण त्या ड्रममध्ये पूर्वी काय होते हे त्याला सांगता येईना. जाळीसाठी त्याने गॅल्व्हनाइज्ड तार पुढे केली, तेव्हा मी तेथून निघाले. पितळ ओतणाऱ्या फाउंड्रीतल्या माणसांना जस्ताच्या धुराने येणारा ताप माहीत असतो, आणि निखाऱ्यांवर तापलेल्या जस्ताच्या थरावर जेवण भाजण्याचे काहीच कारण नाही.

दुसऱ्या ठिकाणी ३ मिलिमीटर जाडीच्या साध्या पत्र्याची, ३६ इंच लांब व १५ इंच रुंद शेगडी आणि ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या ६ मिलिमीटर सळ्यांची जाळी सांगितली. जाळी चार, सहा आणि आठ इंचांवर बसावी म्हणून तीन खाचा ठेवायला लावल्या. "वहिनी, एवढी मापं आमचे इंजिनियर पण लिहून आणत नाहीत," असे कारागीर म्हणाले. शुक्रवारी संध्याकाळी मिळेल.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज शनिवार असल्यामुळे केवळ शाकाहाराची चाचणी होणे ओघानेच आले. नव्या शेगडीत आधी रिकामाच कोळसा तासभर जाळून पत्र्यावरचे तेल उडवून लावले.

आतापर्यंत मी तीन शाकाहारी मसाले धरून चालले होते : एक सर्वसाधारण, एक जैन, एक भाचीसाठी. तीन मसाले म्हणजे तीन परात, तीन ब्रश आणि ऐन वेळी तीन प्रकारच्या चुका. काकूंचे द्विदल डोक्यात घोळत असताना सकाळी नारळ खवताना लक्षात आले, की दही काढून त्या जागी नारळाचे दाट दूध घातले, तर बेसनाला आडकाठी उरत नाही आणि भाचीची अडचणही त्याच क्षणी सुटते. मग एकच मसाला केला : नारळाचे दाट दूध, कोरडे भाजलेले बेसन, लिंबू, मीठ, मिरचीपूड, हळद, हिंग, सुंठ, हातावर चोळलेला ओवा आणि थोडे तीळ तेल. बेसनामुळे तो भाजीला धरून राहतो, नारळाच्या स्निग्धतेमुळे जाळीला चिकटत नाही. सर्वात कडक पथ्याच्या माणसासाठी केलेला हा मसाला सर्वांनाच चालतो. ज्याला लसूण हवा, त्याने ताटात चटणी घ्यावी. मी सुरुवात उलट्या टोकाकडून केली होती, म्हणून दोन आठवडे गेले.

भाज्यांपैकी कच्ची केळी सालीसकट सात मिनिटे उकडून, सोलून, जाड चकत्या करून भाजल्या, तर बटाट्याची उणीव भासत नाही. तांबडा भोपळा अर्ध्या इंचापेक्षा जाड कापला तर आत कच्चा राहतो. ढोबळी मिरची आणि टोमॅटो एका सळईवर ओवू नयेत, कारण मिरची होईपर्यंत टोमॅटो गळून पडतो. पनीर कोमट मिठाच्या पाण्यात वीस मिनिटे ठेवल्यास रबरासारखे होत नाही. ते भाची वगळता सर्वांसाठी, आणि तिच्या सळया जाळीच्या उजव्या टोकाला. बांबूच्या काड्या अर्धा तास भिजवल्या तरी उघडी टोके जळतातच, म्हणून लोखंडी सळयाच वापराव्यात.

अननसावर मधाऐवजी गुऱ्हाळावरून आणलेली काकवी लावली. गुळाचा हंगाम चालू असताना कोल्हापुरात मध शोधत फिरणे तसेही विचित्र ठरले असते. काकवी शेवटच्या दोन मिनिटांतच लावायची; आधी लावली की साखर करपते. भाजलेल्या अननसाची कडा तपकिरी, मध्ये रस, आणि काकवीचा किंचित खारट गोडवा : आजच्या दिवसातील हा पदार्थ सासूबाईंनी न विचारता दुसऱ्यांदा घेतला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

शेंगदाणा. मुलीच्या आईशी सविस्तर बोलले. कूट असलेल्या चमच्याचा स्पर्शही तिला पुरतो, अंगावर गांधी उठतात आणि श्वास लागतो. बेतात शेंगदाणा कुठे आहे ते शोधू लागले, तेव्हा तो कुठे नाही हा प्रश्न पडला : खरडा, कोशिंबीर, सुरुवातीला ठेवायचे भडंग, आणि घाण्याचे शेंगतेल, ज्यात रिफाइंड तेलाप्रमाणे प्रथिने काढून टाकलेली नसतात. "तिच्यासाठी वेगळे" हा मार्ग येथे मी नाकारला आहे, कारण चार मुले एका ताटावरून दुसऱ्या ताटावर हात मारणारच. त्या दिवशी घरात शेंगदाणा असणार नाही. तेल सूर्यफुलाचे, खरडा तीळ घालून, भडंगात डाळे. रस्सा मंडळाच्या ज्येष्ठ सदस्यांनी शेंगदाण्याविना भडंगाला भडंग म्हणण्यास हरकत नोंदवली आहे. ती नोंदवून घेतली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी असल्यामुळे रश्श्याचा निर्णय आज लावला. दोन किलो हाडाच्या मटणाच्या एकाच अळणी रश्श्यातून तांबडा आणि पांढरा दोन्ही होतात, आणि हे काम यजमान व त्यांचे मंडळ परसातल्या चुलीवर करील. तेथे माझे नियोजन चालत नाही. शाकाहारींना भाकरीबरोबर अख्खा मसूर द्यावा. कांदा-लसणाशिवाय तो फिका लागेल, ही भीती टोमॅटो आधी जाळीवर काळा होईतो भाजून वाटल्यावर बरीच कमी झाली. भात आजरा घनसाळचा. बांगड्याचा प्रस्ताव धाकट्या दिरांनी आणला होता. तिसरी जाळी करण्याची माझी तयारी नसल्याने तो फेटाळला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

जागेची आखणी झाली. तीन संध्याकाळी अंगणात उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहिले. सहानंतर तो दर वेळी पश्चिमेकडून पूर्वेकडे, विहिरीच्या दिशेने गेला. त्यानुसार शाकाहाराची शेगडी पश्चिमेला तुळशीच्या बाजूस आणि मांसाहाराची विहिरीजवळ, म्हणजे चरबी जळल्याचा धूर शाकाहारी पंगतीवर येणार नाही. दुपारचे ऊन लक्षात घेऊन पश्चिमेला ताडपत्री बांधली आहे.

वेळापत्रक फ्रिजवर लावले. शाकाहाराची शेगडी ४ वाजता, जैन कुटुंबाची पंगत ५ वाजता. तोपर्यंत विहिरीकडे कच्चे मांसही बाहेर काढायचे नाही. मांसाहाराची शेगडी साडेसहाला, चिकन सव्वासातला, सीख पावणेआठला, रस्सा-भाकरी आठला. शाकाहाराच्या चिमट्यांना आणि ब्रशला हिरवी पट्टी, मांसाहाराच्यांना तांबडी. खरेदी : चिकन ३ किलो, चरबीसह खिमा दीड किलो, हाडाचे मटण २ किलो, पनीर दीड किलो, कच्ची केळी दोन डझन, कणसे ३०, अननस ४, नारळ ८, कोळसा १२ किलो.

रविवार, २३ फेब्रुवारी

रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत, तरी विसरण्यापूर्वी लिहिते.

पहिली पंगत ठरल्याप्रमाणे पाचला बसली. काकूंच्या सासूबाईंनी केळ्याची चकती प्रथम हातात घेऊन उलटसुलट पाहिली, यात काय काय आहे ते मला सांगायला लावले, सुंठीपाशी मान डोलावली आणि मग खाल्ली. ५ वाजून ४० मिनिटांनी त्यांनी हात धुतले. पाहुण्यांना लवकर बोलावून लवकर वाटेला लावल्यासारखे होईल, याचा मला संकोच होता. पण वन्सं त्यांच्याबरोबर पहिल्याच पंगतीला बसल्या, आणि ती मंडळी पुढे नऊपर्यंत गप्पा मारत थांबली.

चूक ७ वाजून २० मिनिटांनी झाली. विहिरीजवळच्या तांबड्या पट्टीच्या चिमट्याची मूठ तापली, म्हणून भावोजींनी अंगण ओलांडून हिरवा चिमटा उचलला, त्याने चार तंगड्या उलटवल्या आणि तो पुन्हा जागेवर, भोपळ्याच्या जाळीवर आणून ठेवला. सासूबाईंनी ते पाहिले, पण चारचौघांत काही बोलल्या नाहीत. मला नजरेने खूण केली. जाळीवरचे सर्व उतरवून मांसाहाराकडे दिले, जाळी काढून निखाऱ्यावर जाळून, राखेने घासून धुतली, आणि घरातली पोळी भाजायची जाळी घेऊन काम पुढे चालवले. पंचवीस मिनिटे गेली, शिवाय भोपळा कमी पडला. रंगाच्या पट्ट्या ठीक होत्या. चूक चिमट्यांच्या निवडीत होती, लाकडी मुठीचे घेतले असते तर कोणी दुसऱ्याचा उचलला नसता.

सीख उत्तम झाल्या. कांदा किसून घट्ट पिळल्यामुळे आणि खिमा चिकट होईतो मळून तासभर फ्रिजमध्ये ठेवल्यामुळे एकही सळईवरून सुटली नाही. माझे सहकारी रश्श्यावर जास्त खूश होते. भाचीने अख्खा मसूर तीन वेळा घेतला. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलीने सगळे खाल्ले आणि तिच्या आईने प्रथमच ताटाकडे न पाहता जेवण केले, असे ती जाताना म्हणाली. मामंजींनी निखाऱ्यावरचे काहीच घेतले नाही. दोन भाकऱ्या तांबड्या रश्श्यात कुस्करून ते साडेआठला झोपायला गेले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

शिल्लक : कोळसा ३ किलो, कणसे ९, चिकन अर्धा किलो, पनीर नाही. चिकनचा अंदाज जास्त झाला, कारण मांसाहारींनीही केळ्यावर आणि पनीरवर हात मारला. पुढील वेळी शाकाहारी पदार्थ सर्व ३४ जणांच्या हिशेबाने धरावेत आणि चिकन दोन किलोच आणावे. उरलेले चिकन आज एकादशीमुळे फ्रीझरमध्ये गेले. काकूंनी सकाळी नारळाच्या दुधाच्या मसाल्याचे माप मागून नेले.

दोन्ही शेगड्या धुऊन माळ्यावर चढवल्या. हिरव्या पट्टीचा चिमटा सासूबाईंनी चिंचेने घासून स्वतःच्या फडताळात ठेवला आहे, आणि तो कुठे आहे हे भावोजींना सांगायचे नाही, असे मला बजावले आहे.